उबेच्या जागेवर ओकबुन

आमच्या ओकबुनला लाज जन्मापासूनच नव्हती. ह्या हिवाळ्यात तिने मांड्यांची जाणीवही घालवली.

सख्खी धाकटी बहीण आहे म्हणून बोलते. परकी असती तर बोलले नसते, हसले असते. वयाची साठी ओलांडलेली बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा परदेशात. गप घरात बसावं, सुकवलेली तेंदूची फळं चघळावीत, शेजारणींच्या सुनांना नावं ठेवावीत. पण नाही. ही सोलला गेली आणि मांड्यांतली चरबी काढून आली. नळी घालून ओढून घेतात म्हणे, विहिरीतला गाळ उपसावा तशी. आणि तिथून बरं व्हायला कुठे आली? माझ्याकडे, डोंगरात, जेचॉनच्याही वर, जिथे डिसेंबरात कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात.

फाटकातून आत आली ती बदकासारखी. पाय फाकवून, एक एक पाऊल टाकत. मी म्हटलं, "घोड्यावर बसून आलीस की घोडाच पोटात घालून आलीस?"

"ताई, हळू बोल ना. लोक ऐकतील."

"लोकांना डोळे आहेत. ऐकायची गरज काय?"

मग रात्री तिने विजारीच्या आत घातलेली ती आवळ चड्डी दाखवली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, सॉसेज भरावं तशी भरलेली. ती काढायची नाही, झोपतानाही नाही, असं दवाखान्याने बजावलं होतं. मी विचारलं, "हे सगळं कशाला?"

तर लाजली. ती लाजली! मला वाटलं ताप आला की काय.

निघालं ते असं. तिच्या गावच्या समाजमंदिरात म्हाताऱ्यांना नाच शिकवतात, जोडीचा, साहेबी पद्धतीचा. तिथे प्यो नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर, बायको वारलेली. ते हिचे जोडीदार. नाचातले, आणि आता पुढचेही व्हायचं म्हणतात. वसंतात स्पर्धा आहे, तिथे गुडघ्याच्या वरपर्यंतचा झगा घालायचा आहे. "आणि ताई, स्पर्धा झाली की ते तुझ्याकडे येणार आहेत. रीतसर विचारायला. तू हो म्हणालीस तर…"

आई-वडील नाहीत, थोरला भाऊ नाही. तेव्हा विचारायचं मलाच. तेवढी अक्कल त्या पोस्टमास्तराला आहे हे ऐकून बरं वाटलं, पण मी दाखवलं नाही.

"आणि मांड्यांचं त्याला ठाऊक आहे?"

"वेडी आहेस का! मी सांगितलंय तू आजारी आहेस आणि मी तुझी सेवा करायला चालले आहे."

मी! पन्नास वर्षांत मी अंथरुणाला पाठ लावली ती फक्त मुलं जन्माला घालताना, तीही थोडाच वेळ. अजून माझ्यासारखा मडक्यात आंबवलेल्या सोयाबीनचा खारा लगदा आख्ख्या खोऱ्यात कुणाला जमत नाही. आणि मी आजारी! तिथेच हाकलून देणार होते. पण बाहेर बर्फ होता, आणि ती बदकासारखी चालत होती. खाली बसस्टॉपपर्यंत पोचायला तिला वसंत लागला असता.

पहिले काही दिवस सूज. मांड्या निळ्या-जांभळ्या, मुरलेल्या वांग्यासारख्या. मी भोपळ्याचा रस दिला, समुद्रशेवाळाचं सूप दिलं. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, सुरुवातीला थंड शेक चालेल, पण कापडात गुंडाळून, थोडाच वेळ, आणि कातडीवर डोळा ठेवून. आमच्या ओकबुनने त्यातला "थंड" एवढाच शब्द ऐकला. बाकीचं तिच्या कानात शिरलं नाही, कारण कानात कापूस आणि डोक्यात पोस्टमास्तर.

एकदा दुपारी मी कोठारातून आले तर ही घोरत पडलेली. चड्डीचा काठ वर ओढलेला, आणि आत, मांडीला चिकटून, माझा गोठलेला मासा! अख्खा. शेपटी बाहेर. मी जेवणाच्या सुपासाठी ठेवलेला.

"अगं भवाने, तो मासा आहे!"

ती डोळे चोळत म्हणाली, "बर्फ संपला होता ताई. आणि काही लागत नाहीये, छान वाटतंय."

"छान कसलं, काही वाटतच नाहीये तुला!" मी मासा ओढून काढला. खालची कातडी पांढरी, मेणासारखी, दाबली तरी रंग येईना. मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते. लगेच दवाखान्यात फोन लावला.

नर्स तरुण होती, पण धीराची. ती म्हणाली, "आजी, शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या कातडीला काही कळत नाही. तिच्या नसा सुन्न झाल्या आहेत. गार झालं तरी ती सांगणार नाही, भाजलं तरी सांगणार नाही. म्हणून बर्फ थेट लावायचा नाही, चड्डीच्या आत तर नाहीच, आणि लावून झोपायचं तर मुळीच नाही. आता हळूहळू अंगाच्या उबेने रंग येऊ द्या. चोळू नका. शेकू नका."

"शेकू नको? गार पडलंय आणि शेकू नको?"

"नको आजी. गरम पिशवी नको, गरम चटई नको, हमामखाना नको, गरम जमीन नको. डॉक्टर सांगेपर्यंत नको."

गरम जमीन नको! मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. आमच्याकडे माणूस चुलीच्या जाळाने खालून तापवलेल्या गरम जमिनीवर जन्मतो, बाई गरम जमिनीवर बाळंत होते, कंबर धरली तर माणूस गरम जमिनीवर पडतो, आणि मरतोही तिथेच. माझ्या आजीने बारा बाळंतपणं त्याच कोपऱ्यात काढली. तिच्या काळी कुणी नर्स फोन करून सांगत नव्हती की आजी, जमिनीवरून उठा.

तरी रंग आला. मांडी वाचली. एक भाकरीएवढा डाग राहिला काही दिवस, मग तोही गेला. ओकबुनला मी म्हटलं, "झालं तुझं थंडाचं कौतुक? आता चार दिवस पाठीमागच्या खोलीत माझ्याजवळ झोप, चुलीकडच्या बाजूला. मांड्या आपोआप जाग्या होतील." पण ती नर्सला माझ्यापेक्षा जास्त भ्यायची. दाराजवळच्या गार टोकाला अंथरूण घालून झोपायची, नाक लाल करून. मी म्हणायचे, "माझ्या घरात पाहुण्याला दाराशी झोपवलं असं लोक म्हणतील." ती म्हणायची, "लोकांना सांग मी कुत्रा राखते."

असे आठवडे गेले. दुखणं गेलं, निळा रंग गेला, चालणं माणसासारखं झालं. जाणीव मात्र आली नव्हती. मी मुद्दाम तिच्या मांडीवर सुई टोचून बघायचे आणि ती टीव्ही बघत बसायची.

आणि एक दिवस सकाळी फोन आला. प्यो साहेब निघाले आहेत. वसंतापर्यंत थांबायला त्यांना धीर नाही. आजारी ताईंना बघायला येत आहेत, जिनसेंगची औषधी मुळं घेऊन.

ओकबुन घरभर धावली. आरसा, पावडर, आरसा. मग माझ्यापुढे हात जोडून उभी. "ताई, फक्त आजारी दिस. एवढंच. जरा खोक."

"मी खोकत नाही."

"मग जरा वाकून चाल."

"मी वाकत नाही."

"मग गप बस!"

"तेही मला जमत नाही, तुला ठाऊक आहे."

पण सोयरिकीचा पाहुणा येतो म्हटल्यावर घराची अब्रू असते. पाठीमागची खोली झाडली. त्या खोलीत अजून जुनी पद्धत आहे. बाहेरच्या चुलीत लाकडं घालायची, आणि तिचा जाळ नि धूर फरशीखालून फिरतो. चुलीजवळचा कोपरा सगळ्यात उबेचा. तिथला फरशीवर चिकटवलेला कागद पिढ्यान्‌पिढ्या भाजून काळपट झालाय. ती मानाची जागा. पाहुण्यांची, नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्यांची. मी ओकची मोठी ओंडकी घातली, मग आणखी दोन घातली. नंतर सगळे म्हणाले जाळ जास्त झाला. म्हणू देत. पाहुण्याला गार फरशीवर बसवून मी लग्नाच्या गोष्टी करायच्या का?

प्यो साहेब आले. उंच, पाठ सरळ, डोक्यावर फेल्ट टोपी, मिशी कातरलेली. दारातूनच वाकून म्हणाले, "ताई, तब्येत कशी आहे?"

"मी अजून तुमची ताई झाले नाही," मी म्हटलं. "बाकी तब्येत बरी आहे."

ओकबुनने मला चिमटा काढला. मी खोकले. एकदाच.

आत गेलो. मी उबेच्या जागेकडे हात केला. "बसा तिथे."

"छे छे! मी कसा बसू? तुम्ही वडील, त्यात आजारी. ती जागा तुमची."

"पाहुण्याने तिथे बसायचं असतं."

"पाहुण्याने आजारी माणसाची जागा घ्यायची असते का?"

"बसा म्हणते ना."

"तुम्ही बसल्याशिवाय नाही."

आम्ही दोघं उभे. कमरेत वाकून, हात पुढे करून, तो मला ढकलतोय आणि मी त्याला. कुस्तीचा आखाडा लाजला असता. मी त्याच जागी आजारी म्हणून बसले असते तर त्याचा मान गेला असता, आणि तो बसला असता तर माझा. शेवटी त्या शहाण्याने तोड काढली. "मग ओकबुनबाईच बसू देत. रात्रंदिवस तुमची सेवा करून दमल्या असतील. थंडी वाजत असेल त्यांना."

मी तोंड उघडलं. ओकबुनने माझ्याकडे असं बघितलं की उघडलेलं तोंड तसंच राहिलं. त्या नजरेत सगळं होतं: नाच, झगा, पोस्टमास्तर, आणि एक शब्द बोललीस तर मी जिवंत राहणार नाही, हेही. ती गेली, जाड गादीवर पाय एका बाजूला दुमडून बसली, आणि गोड हसली.

मी मनात म्हटलं, घडीभर बसेल, उठेल.

जेवण मांडलं. प्यो साहेब बोलायला लागले. पोस्टात कशी पत्रं चुकीच्या गावी जायची, आणि ती कशी त्यांनी परत आणली. पुरामध्ये थैली डोक्यावर धरून कशी नदी ओलांडली. माणूस चांगला बोलत होता, पण लांब. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी कोट काढला. मग मोजे काढायची परवानगी मागितली. "खोली छान तापली आहे हं ताई." ते तर उबेच्या जागेपासून दोन हात लांब होते. आणि आमची ओकबुन ऐन कोपऱ्यात, वरून जाड गादी, खालून जाळ, चेहऱ्यावर देवळातल्या दगडी बुद्धाची शांती.

मला नर्स आठवली. भाजलं तरी सांगणार नाही.

मी म्हटलं, "ओकबुन, मुळ्याचं गार लोणचं आण गं."

ओकबुन उठायच्या आत प्यो साहेब उभे. "तुम्ही बसा, बसा! मी आणतो. कुठे आहे?" आणि गेलेही. एवढा चपळ माणूस मी पाहिला नाही.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "ऊठ तिथून!"

"कशाला? मला काही होत नाहीये."

"मासा आठव!"

"श्श! आले ते."

लोणचं आलं. मी म्हटलं, "ओकबुन, चुलीकडे बघून ये."

"अहो, मी बघतो!" आणि हा माणूस बाहेर जाऊन, माझी सेवा म्हणून, आणखी एक ओंडकं घालून आला. वर आनंदाने सांगितलं. मला त्याच्या टोपीत लोणचं ओतावंसं वाटलं.

मग मी शेवटचा डाव टाकला. छातीवर हात ठेवला. "मला चक्कर येतेय. ओकबुन, मला बाहेर हवेवर घेऊन चल."

प्यो साहेबांनी मला उचललं. उचललं! कुणी विचारलं नाही, सवरलं नाही, दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेऊन ठेवलं, कोंबड्यांसमोर. माझ्या नवऱ्याने कधी पाण्याची घागर उचलली नाही. मी त्याच्या खांद्यावर हात मारत म्हटलं, "खाली ठेव रे, खाली ठेव!" आणि ठेवल्याबरोबर अशी धावले आत की आजारपण तिथेच कोंबड्यांत राहिलं.

गादीखाली हात घातला. माझे हात कसले आहेत ते खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. उकळतं भांडं फडक्याशिवाय उतरवते मी. तो हात मी झटक्याने काढला.

"उठ!" मी ओरडले. "उठ भवाने, तुझी मांडी भाजतेय!"

"ताई, काहीही काय…"

"त्या मांडीला कळत नाहीये! चरबी काढून घेतलीय तिने, सोलमध्ये जाऊन, नळीने! तुमच्यासाठी!" हे शेवटचं मी दारात उभ्या पोस्टमास्तराला सांगितलं. "आणि मी आजारी नाहीये! मी कधीच आजारी नव्हते! आता बघत काय उभे राहिलात, धरा तिला दुसऱ्या बाजूने!"

त्याने धरलं. तो धरण्यात चांगलाच आहे. न्हाणीघरात नेलं, त्याला बाहेर उभं केलं, दार लावलं, ती चड्डी उतरवली. उजव्या मांडीच्या मागे तळहाताएवढं लाल, आणि मध्ये फोड धरायला लागलेला. ओकबुनने मान वळवून बघितलं आणि मग रडायला लागली. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच रडत होती.

मी सोयाबीनच्या लगद्याचं मडकं आणायला धावले. भाजल्यावर तो लगदा लावतात, माझी आई लावायची. बाहेर प्यो साहेब माझ्याच फोनवर नर्सशी बोलत होते, नंबर भिंतीवर लिहिलेला होता. मला मडकं घेऊन येताना बघितलं आणि फोन माझ्याकडे धरला. फोनातून आवाज आला, "आजी, हातात काय आहे ते खाली ठेवा."

"हिला दिसतं का?"

"दिसत नाही, पण ठाऊक आहे. लगदा नको, तेल नको, बर्फही नको. नळाचं साधं गार पाणी, बराच वेळ, हळूहळू. फोड फोडायचा नाही. मग स्वच्छ कापड सैल ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या."

न्हाणीतून ओकबुन ओरडली, "ताई, बर्फ आण, बर्फ!"

"बर्फ मिळणार नाही!" मी तितक्याच जोरात ओरडले. "तुझ्या मांडीला ना आगीचं कळतं ना बर्फाचं. पाणी घे आणि गप बस!"

प्यो साहेबांच्या गाडीतून खालच्या गावच्या आरोग्य केंद्रात गेलो. ती मागच्या सीटवर पालथी, मी पुढे. वाटेत पोस्टमास्तर आरशातून मागे बघत म्हणाले, "मांड्यांना काय झालं होतं?"

"जाड होत्या," सीटमधून दबलेला आवाज आला.

"मला ठाऊक नव्हतं."

"कसं ठाऊक नव्हतं? इतके महिने नाचतो आहोत!"

"मी खाली कधी बघितलंच नाही," तो म्हणाला. "मी पावलं मोजत असतो. खाली बघितलं की चुकतात."

मी खिडकीबाहेर बघितलं. मला हसू आलं होतं, आणि ते त्याला दाखवायचं कारण नव्हतं.

डॉक्टरने मांडी बघितली, पट्टी केली. म्हणाला, आणखी थोडा वेळ बसल्या असत्या तर दुसरीकडची कातडी काढून इथे लावावी लागली असती. आता महिनाभरात भरेल, डाग राहील, आणि वसंतातला तो झगा ह्या वर्षी विसरा. ओकबुन पालथी पडून ऐकत होती. प्यो साहेब पायाशी टोपी हातात घेऊन उभे. मग त्यांनी घसा साफ केला आणि मला म्हणाले, "ताई, विचारायची वेळ ही नाही हे मला कळतं. पण मी विचारायलाच आलो होतो. तुमची परवानगी असेल तर…"

ओकबुनने मान उचलून माझ्याकडे बघितलं. पावडर सगळी पुसली गेली होती. आत्ता तिला आपलं वय लपवता येत नव्हतं, आणि भीतीही. मी हो म्हणते की नाही एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

मी त्याच्याशी बोललेच नाही. तिच्याशी बोलले, मोठ्याने, डॉक्टरलाही ऐकू जाईल असं.

"ओकबुन, नीट ऐक. हा माणूस बरा आहे. जास्त बोलतो, चुलीत लाकडं जास्त घालतो, बाईमाणसाला विचारल्याशिवाय उचलतो, पण बरा आहे. खोट तुझ्यात आहे. अंग भाजत असताना तू ह्याच्यासमोर गोड हसत बसलीस, पण 'अहो, मला इथून उठायचंय' एवढं तुझ्या तोंडून निघालं नाही. असल्या बाईचं लग्न मी लावत नाही. नर्स म्हणते मांडीला जाणीव यायला वेळ लागेल. तुझ्या तोंडाला कधी येते ते बघू. ज्या दिवशी ह्याच्या तोंडावर तू एकदा तरी 'नाही, मला नको' म्हणशील, आणि तो टोपी घेऊन पळून जाणार नाही, त्या दिवशी मी लग्नात वाटायच्या वड्यांचे तांदूळ भिजत घालीन. तोवर तू माझ्या घरी राहायचंस, दाराशी, गार बाजूला."